कलम ४९७ मधली सूट आणि पुण्यातली एक विहीर

२७ सप्टेंबर २०१८ ची दुपार. आमच्या बार रूममध्ये डबे उघडलेले होते, पण जेवणाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने भारतीय दंड संहितेतलं व्यभिचाराचं कलम, ४९७, रद्द केल्याची बातमी नुकतीच मोबाईलवर आली होती. ज्यांच्या हाताखाली मी उलटतपासणी शिकले ते ज्येष्ठ वकील भाकरी मोडता मोडता म्हणाले, "बरं झालं. दीडशे वर्षं बायकांना सूट होती. दोघांनी मिळून केलेल्या गोष्टीसाठी पुरुष एकटा आत जायचा."

आकडा बरोबर होता. कलम १ जानेवारी १८६२ पासून लागू होतं. सूटही खरी होती. कलमाच्या शेवटच्या वाक्यात स्पष्ट लिहिलेलं होतं की अशा बाबतीत पत्नी अपप्रेरक म्हणून, म्हणजे गुन्ह्याला साथ किंवा चिथावणी देणारी म्हणून, शिक्षेस पात्र असणार नाही. तरीही त्यांचं बोलणं माझ्या घशाखाली उतरेना. त्या वेळी माझ्याकडे विधी सेवा समितीकडून आलेली एक केस चालू होती, आणि त्या केसमधली मुलगी डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिच्याबद्दल पुढे सांगते. त्या दिवशी मी गप्प बसले आणि नंतर वाचत सुटले. सरांना जे सांगायचं होतं ते आता इथे लिहिते.

आधी कलमच नीट बघू. परपुरुषाच्या बायकोशी, तिच्या नवऱ्याच्या संमतीशिवाय किंवा त्याच्या मूकसंमतीशिवाय संबंध ठेवला, तर तो गुन्हा. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. तक्रार करायची ती नवऱ्याने. ज्याची बायको दुसरीकडे जाते अशा पुरुषाला हे दार उघडं, आणि जिचा नवरा दुसरीकडे जातो त्या बाईला मात्र नाही. नवऱ्याची हरकत नसेल तर गुन्हाच नाही. आणि बाई विधवा असेल, कुमारिका असेल, तर मुळात कलम लागतच नाही, कारण तिच्या बाजूने तक्रार करणारा मालक नाही. मी पहिल्यांदा हे कलम लॉ कॉलेजात वाचलं तेव्हा परीक्षेसाठी पाठ केलं होतं. वीस वर्षांनी तेच कलम पेन्सिल घेऊन वाचताना 'विधवा' या शब्दाशी थांबले. तो शब्द कलमात कुठेच नाही, आणि एकोणिसाव्या शतकातल्या पुण्यात घराघरात विधवा होत्या. बालविवाहाच्या त्या काळात सहाव्या-सातव्या वर्षी लग्न, दहाव्या-बाराव्या वर्षी वैधव्य, केशवपन, आणि मग उरलेलं आयुष्य कुणाच्या तरी स्वयंपाकघरात.

हे कलम आलं कसं, तेही सांगण्यासारखं आहे. मेकॉलेच्या विधी आयोगाने १८३७ साली दंड संहितेचा पहिला मसुदा दिला, त्यात व्यभिचार हा गुन्हाच नव्हता. का नव्हता यावर त्याने सविस्तर टिपण लिहिलं. वरच्या थरातले नवरे अब्रूपायी कोर्टात येतच नाहीत, आणि जे येतात त्यांना मोडलेल्या संसाराची पैशात भरपाई हवी असते, असा त्याचा एक मुद्दा. दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. या देशातल्या मुलींची लग्नं लहानपणीच होतात, त्या तरुण असतानाच नवरा दुसरी बायको करून पहिलीला बाजूला टाकू शकतो. त्याला जनाना भरायची मुभा देणाऱ्या कायद्याने बाईला मात्र चळली म्हणून शिक्षा करावी, याला मेकॉलेचं मन तयार होईना. मेकॉलेबद्दल माझी बाकीची मतं काहीही असोत, हे त्याने लिहिलं याचं मला मनापासून बरं वाटलं.

पुढच्या विधी आयोगाने हेच कारण उचललं आणि निष्कर्ष वेगळा काढला. गुन्हा ठेवायचा, बायकांची स्थिती वाईट आहे म्हणून त्यांना शिक्षेतून वगळायचं आणि पुरुषाला एकट्याला धरायचं. १८६० च्या ४५ व्या कायद्यात ते ४९७ म्हणून बसलं. सर म्हणत होते ती सूट ही अशी जन्मली. दयेपोटी आली खरी, पण ज्या चौकटीत बसवली ती चौकट नवऱ्याच्या हक्काची होती.

इंग्रजांच्या आधी काय होतं, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. मीही विचारला. त्यासाठी दोन वर्षं दर शनिवारी मोडी शिकले. पहिले सहा महिने अक्षरंच लागेनात, सगळी ओळ एका दमात लिहिलेली, कुठे शब्द तुटतो कळत नाही. मग एक दिवस 'शिंदळकी' हा शब्द आपोआप वाचता आला आणि मी वहीवर नुसती बघत बसले. माझी आजी हा शब्द शिवी म्हणून वापरायची. पेशवाईतल्या कागदांत तो सरकारी शब्द आहे, गुन्ह्याचं नाव आहे. 'बदकर्म' हा त्याचाच सभ्य भाऊ. आणि 'गुन्हेगारी' म्हणजे आजच्यासारखं 'क्राइम' नव्हे, तर गुन्ह्यापोटी वसूल केलेली रक्कम. पुण्याच्या कोतवालीत अशी गुन्हेगारी नियमित जमा व्हायची.

पुरुष बहुधा ऐपतीप्रमाणे ही रक्कम भरायचा आणि घरी जायचा. बदकर्माचा आळ आलेल्या बाईला, विशेषतः जिच्यामागे पैसे भरणारं माणूस उभं नाही तिला, सरकार कुणबीण करायचं. कुणबीण म्हणजे इथे कुणब्याची बायको नव्हे, दासी. किल्ल्यावर, पागेत, कोठीवर, कारखान्यात दळण-कांडण, सारवण, शेण काढणं, सरकार नेमेल ते काम. तिची विक्री व्हायची, ती कुणाला तरी बक्षीस म्हणून दिली जायची. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टन या इंग्रज अधिकाऱ्याने जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात बायकांना इथे देहान्ताची शिक्षा देत नसत अशी नोंद आहे, आणि तिच्या जोडीला त्यांची नाकं-कानं कापल्याची आणि त्यांना वर्षानुवर्षं कैदेत ठेवल्याची. तेव्हा जुना काळ बायकांना बरा होता असं म्हणण्याची सोय मला तरी दिसत नाही. फरक हा, की तिथे शिक्षा उघड होती आणि तिच्यावर गुन्ह्याचं नाव उघड लिहिलेलं होतं.

नव्या कायद्यात ते नाव पुसलं गेलं. शिंदळकी म्हणून कुणी बाईला धरणार नव्हतं. मग काशीबाईचं काय झालं?

काशीबाई पुण्यात जोतीराव फुल्यांच्या एका स्नेह्याच्या घरी स्वयंपाकीण होती. तरुण ब्राह्मण विधवा, वागायला नेक. तिची गोष्ट आपल्याला कळते ती जोतीरावांनी १८८४ साली बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर सरकारसाठी जे टिपण लिहिलं त्यातून. शेजारचा एक शास्त्री तिच्यामागे लागला. ती आधी बधली नाही, शेवटी फसली. दिवस गेले. त्याच्याच सांगण्यावरून तिने पोट पाडायला औषधं घेतली, ती लागू पडली नाहीत. पूर्ण दिवस भरून मुलगा झाला, चांगला धडधाकट. बेअब्रूच्या भीतीने तिने त्याला मारलं, आणि मालकाच्या घरामागे जी विहीर होती तिच्यात टाकलं. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला संशयावरून पकडलं. पुण्याच्या सेशन्स कोर्टात खटला चालला. जन्मठेप, काळं पाणी.

दंड संहिता लागू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालं होतं. मी वकील म्हणून या हकिगतीला कलमं लावून पाहिली. शास्त्र्याने विधवेशी संबंध ठेवला. ४९७ लागत नाही, तिला नवरा नाही. ती सज्ञान होती, आधी नको म्हणाली आणि नंतर तयार झाली, म्हणजे बलात्काराचं कलमही लागत नाही. गर्भपाताची औषधं घ्यायला त्याने सुचवलं, ३१२ आणि प्रोत्साहनाची कलमं ओढूनताणून लागू शकतील, पण साक्ष कोण देणार? आणि त्याच ३१२ च्या खाली स्पष्टीकरण आहे: जी बाई स्वतःचा गर्भपात घडवून आणते तीही या कलमात येते. म्हणजे तिने त्याच्याविरुद्ध तोंड उघडलं तर आधी स्वतःचा गुन्हा कबूल करायचा. तिच्यावर मात्र ३०२ सरळ लागतं, पुरावा तिच्या अंगावरच आहे. दूध आलेली छाती, ओटीपोट, सुईणीची किंवा डॉक्टरची तपासणी. शास्त्र्याच्या शरीरावर काय दिसणार होतं?

ही मांडणी मी त्या दिवशी सरांसमोर करू शकले नाही. ४९७ मधून सुटलेली बाई नवऱ्याची बायको होती. जिला सुटकेची खरी गरज होती ती विधवा, ती कुमारिका, व्यभिचाराच्या कलमात कधी नव्हतीच. तिच्यासाठी कायद्याने पुढची दारं ठेवली होती: ३०२, ३१२, आणि ३१८, म्हणजे मृत बाळाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवणं, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. कलम नीतीचं नाही, खुनाचं आहे, लपवणुकीचं आहे, असं म्हणता येतं. पण काशीबाईने मूल का मारलं हे विचारलं की आपण परत शिंदळकीपाशीच येतो. तो शब्द कायद्यातून गेला आणि गल्लीत, वाड्यात, पंगतीत तसाच राहिला. पहिली शिक्षा समाज ठरवायचा आणि ती टाळायला बाई जे करी त्याची शिक्षा कोर्ट द्यायचं.

हे ३१८ कुठून आलं म्हणून शोधत गेले तर १६२४ च्या इंग्लंडपर्यंत पोचले. तिथल्या पार्लमेंटने त्या वर्षी कायदा केला की लग्नाबाहेरचं मूल मेलं आणि आईने ते मरण लपवलं, तर मूल तिनेच मारलं असं धरायचं, फाशी द्यायची. मूल मेलेलंच जन्मलं हे तिने सिद्ध करायचं, तेही निदान एका साक्षीदाराच्या तोंडून. जी बाई एकटीच, दात आवळून, अंधारात बाळंत झाली तिने साक्षीदार आणायचा कुठून? लग्न झालेल्या बाईला हा कायदा लागूच नव्हता. १८०३ मध्ये तो रद्द झाला आणि त्याच्या जागी लपवणुकीसाठी दोन वर्षांपर्यंतची कैद आली. आपल्या ३१८ मधली दोन वर्षं त्याच घराण्यातली.

हाच १६२४ चा कायदा इंग्रजांच्या अमेरिकेतल्या वसाहतींनीही आपलासा केला. तिथली सुरुवातीची कोर्टं मी जरा तपशिलाने वाचली, कारण त्यांचा प्रवास फार बोलका आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी सतराव्या शतकात कोर्टं बसवली तेव्हा ती दोघांनाही धरत. व्यभिचाराला देहदंड होता, आणि १६४४ मध्ये बोस्टनला मेरी लॅथम आणि जेम्स ब्रिटन या दोघांनाही फाशी दिलं. कडकपणा भयंकर, पण तराजूची दोन्ही पारडी निदान जागेवर होती. १६६८ च्या सुमारास तिथे रीत पडली की अविवाहित बाई बाळंत होताना ऐन कळांमध्ये सुईणीने तिला बापाचं नाव विचारायचं. त्या वेदनेत माणूस खोटं बोलत नाही अशी समजूत. हेतू हा, की मुलाचा खर्च गावावर पडू नये, बापावर पडावा. पुढे अठराव्या शतकात हळूहळू पुरुष कोर्टाच्या कागदांतून दिसेनासे झाले. लग्नाआधीच्या संबंधांचे खटले चालायचे ते बायकांवरच, आणि पुरुषाची बाब खर्चाच्या तडजोडीपुरती उरली.

एलिझाबेथ इमर्सन नावाची हेव्हरिलची मुलगी मला विसरता येत नाही. १६९१ च्या मे महिन्यात ती आईबापांच्या घरात, त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी, त्यांना कळू न देता बाळंत झाली. जुळी. दोन्ही मेली. तिने ती पिशवीत शिवली आणि परसात पुरली. शेजाऱ्यांना सापडली. तिने बापाचं नाव सांगितलं, सॅम्युअल लॅड, गावातलाच लग्न झालेला माणूस. त्याच्यावर काहीही झालं नाही. ८ जून १६९३ ला बोस्टनमध्ये तिला फाशी दिलं. परसातली ती पिशवी आणि पुण्यातली ती विहीर यांच्यामध्ये १७० वर्षं आणि दोन महासागर आहेत.

जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी काशीबाईच्या शिक्षेनंतर काय केलं ते बहुतेकांना माहीत आहे. १८६३ मध्ये त्यांनी स्वतःच्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ब्राह्मण वस्तीतल्या रस्त्यांच्या कोपऱ्यांवर मोठ्या छापील जाहिराती लावल्या, की विधवांनो, इथे या, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हा. १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या. त्यांतली पाचच मुलं जगली, कारण बाकीच्यांना पोटातच विषारी औषधांनी इजा झालेली होती. हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचते. पस्तीसमधली पाच. म्हणजे त्या घराच्या दारापर्यंत पोचण्याआधी जवळजवळ प्रत्येकीने काही ना काही पिऊन पाहिलेलं होतं.

त्या जाहिराती भिंतीवर कुणी वाचल्या असतील याचा मी विचार करते. सोवळ्यातली बाई, जिला अक्षरओळख नाही, तिला कुणी वाचून दाखवलं असेल? कुणाला विचारण्याची हिंमत तिने केली असेल?

१८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातल्या ओलपाडची विजयालक्ष्मी, तीही ब्राह्मण विधवा, तोच गुन्हा. सेशन्स कोर्टाने फाशी दिली, मुंबईच्या उच्च न्यायालयाने ती काळ्या पाण्यावर आणली, पुढे सरकारने पाच वर्षांवर. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर जी चिखलफेक झाली ती वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटून उठल्या आणि १८८२ मध्ये त्यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' छापून आलं. त्यांचा प्रश्न मी माझ्या भाषेत सांगायचा तर असा: साहसाचं, फसवणुकीचं सगळं माप बायकांच्याच पदरात का? पुरुष काय धुतल्या तांदळाचे? मराठीत इतक्या तिखट, घरगुती भाषेत कायद्याच्या बाहेर उभं राहून इतका कायदेशीर प्रश्न कुणी विचारलेला मला माहीत नाही.

आता माझी केस.

मुलगी एकवीस वर्षांची, अविवाहित, ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेलेली. आरोप ३१८ चा. बाळ मेलेलंच जन्मलं असं शवविच्छेदनाचं मत होतं, म्हणून ३०२ टळलं होतं. पाचटाखाली पुरलेलं कुणाला तरी दिसलं. मुद्देमाल म्हणून कोर्टात एक टॉवेल आला, कागदाच्या पाकिटात, लाखेचं सील, पंचांच्या सह्यांचं लेबल. सरकारी वकिलांनी तो साक्षीदाराला दाखवायला उघडला तेव्हा मी तो जवळून पाहिला. गुलाबी, कडेला पांढरी फुलं, एका टोकाला टाके घालून कड दुमडलेली. बाळंतपणाच्या तयारीसाठी कुणीतरी हाताने शिवलेली कड होती ती. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'एक जुना वापरता टॉवेल'.

तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी माझ्याकडे होती. माणूस वाईट नव्हता, पंधरा वर्षं नोकरी झालेला. मी विचारलं, तपासात बाळाच्या वडिलांचं नाव निष्पन्न झालं का? म्हणाले, नाही. विचारलं होतं का? क्षणभर थांबले आणि म्हणाले, गुन्ह्याशी संबंध नसल्याने विचारण्याची गरज वाटली नाही. न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं टंकलेखकाला सांगितलं आणि ते माझ्या केसच्या कागदांत आलं. कायद्याने ते शंभर टक्के बरोबर होतं. बाळाच्या बापाने काहीच गुन्हा केलेला नव्हता.

तिला शिक्षा झाली, कोठडीत काढले तेवढेच दिवस. आदेशाच्या शेवटी नेहमीची ओळ होती, मुद्देमाल मूल्यहीन असल्याने अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करण्यात यावा. तिला ती मी वाचून दाखवली. टॉवेल मला मिळणार नाही का, एवढंच तिने विचारलं. मी अर्ज केला. तो मंजूर झाला नाही.

दंड संहिता १ जुलै २०२४ ला जाऊन न्याय संहिता आली. ४९७ तिच्यात नाही. परक्याच्या बायकोला फूस लावून नेण्याचं जुनं ४९८ आहे, ८४ या नंबराने. आणि ३१८ आहे, ९४ या नंबराने, शिक्षा तीच, दोन वर्षांपर्यंत. इंग्लंडने १९२२ मध्येच आईच्या हातून झालेल्या नवजात बालहत्येचा वेगळा, खुनापेक्षा सौम्य गुन्हा केला. आपल्याकडे अजून तो नाही. एखादी काशीबाई आज सेशन्स कोर्टात उभी राहिली तर तिच्यावर खुनाचंच कलम लागेल.

सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मागच्या महिन्यात भेटायला गेले तेव्हा उलटतपासणीचं ते पान बरोबर नेलं होतं. त्यांनी चष्मा लावून ते वाक्य वाचलं, मग परत वाचलं, आणि विचारलं, "तुला नाव माहीत होतं का?"

माहीत होतं. तिने पहिल्याच भेटीत, वकीलपत्रावर अंगठा उठवायच्या आधी, सांगितलं होतं.